स्टोअरची खिडकी

आमच्या भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात कॅलेंडरातला लाल रविवार बँकवाल्यांचा आणि शाळेतल्या पोरांचा. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. माझा मेहुणा त्या दिवशी प्राधिकरणातल्या आमच्या घरी येतो, कारण त्याचा गुरुवारचा उपास असतो आणि साबुदाण्याची खिचडी जगात फक्त आपल्या ताईलाच जमते असं त्याचं ठाम मत आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो सिस्टीम डिपार्टमेंटचा मुख्य आहे. कोणाच्या कॉम्प्युटरवर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवणारा माणूस. माझी लेकही चाकणलाच, पण दुसऱ्या कंपनीत. मशीनमधून निघणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावायचं तिचं काम. दोघं रोज त्याच तळेगाव चौकात अडकतात, वेगवेगळ्या बसमध्ये.

त्या गुरुवारी लेकीनं खिचडीच्या ताटाशेजारी एक पेनड्राइव्ह ठेवला.

“हे काय आणलंस जेवणाच्या टेबलावर?” मेहुण्यानं विचारलं.

“सोळा फायली आहेत, मामा. उद्या प्लांटमध्ये न्यायच्यात.”

मेहुण्यानं ताट चार बोटं मागे ओढलं. उंदीर दिसल्यावर माणूस पाय वर घेतो तसं.

गोष्ट अशी होती. तिच्या प्लांटच्या मेट्रोलॉजी रूममध्ये सीएमएमच्या, म्हणजे पार्टची मापं घेणाऱ्या मशीनच्या, शेजारी एक जुना पीसी आहे. विंडोज ७, बत्तीस बिटचा. नेटवर्कला जोडलेला नाही. मशीनचं मोजमापाचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, नव्या पीसीवर चालत नाही, आणि एका पीसीपायी नवी सीएमएम कोणी घेणार नाही. दर शिफ्टला इन्स्पेक्टर आकडे कागदावर उतरवतो आणि दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी ते एक्सेलमध्ये चढवतं. लेकीनं पायथॉनमध्ये शंभरेक ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. आकडे तिथल्या तिथे वाचायचे, कंट्रोल चार्ट काढायचा, बिंदू रेषेबाहेर जायला लागला की लाल करायचा.

“त्याला दोन मॉड्यूल लागतात,” ती म्हणाली. “तक्त्यांसाठी पँडाज आणि आलेखासाठी मॅटप्लॉटलिब. पण पँडाजला नमपाय लागतं, तारखा वाचणारं एक लागतं, टाइमझोनवालं लागतं. मॅटप्लॉटलिबला फॉन्ट वाचणारं, चित्रं वाचणारं, रेषांची गणितं सोडवणारं. दोघांना बोलावलं, सोळा जण आले.”

“मग वऱ्हाडच म्हण की,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“आणि त्या वरच्या चौदा जणांना तू ओळखतेस?” मेहुणा.

“नावानं ओळखते.”

“आमच्या गेटवर नावानं कोणाला आत सोडत नाहीत, पोरी.”

मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. पायथॉनची एक ओळ मला येत नाही, पण हा वाद मला परका वाटला नाही. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेला भाग. डाय बनवताना गाइड पिलर आणि बुश आपण घरी टर्न करत बसत नाही, कॅटलॉग बघून मागवतो, तसं. पायथॉनचा कॅटलॉग म्हणजे पायपीआय नावाचं भांडार, २००३ पासूनचं. आज त्यात पाच लाखांहून जास्त पॅकेजं आहेत आणि सगळी फुकट. ‘पिप इन्स्टॉल’ असं टाइप करून पुढे नाव लिहिलं की माल हजर.

हे घरी. कंपनीत ही एक ओळ चालवणं म्हणजे तहसील कचेरीतून सातबारा काढण्याइतकं सोपं, असं लेक म्हणते. मधे प्रॉक्सी बसलेला असतो. तो बाहेरून आलेलं प्रत्येक पार्सल उघडून बघतो आणि आपलं सील लावून पुढे पाठवतो. पिपला ते सील अनोळखी वाटतं, म्हणून ते माल नाकारतं. मग पोरं कुठूनतरी शोधून ‘या ठिकाणावर डोळे झाकून विश्वास ठेव’ असा हुकूम पिपला देतात आणि काम भागवतात, म्हणजे ज्या तपासणीसाठी हा सगळा खटाटोप, तीच बंद पाडतात. अ‍ॅडमिन राइट्स नसतात. पूर्वी तर आणखी एक अडचण होती: बरीचशी मॉड्यूल कच्च्या मालासारखी यायची, सी भाषेतला कोड तुमच्याच मशीनवर कम्पाइल व्हायचा, आणि विंडोजच्या ऑफिस पीसीवर कम्पायलर कुठून असणार? २०१३ च्या आसपास ‘व्हील’ नावाची तयार पेटी रूढ व्हायला लागली तेव्हा तो जाच बराच कमी झाला. कास्टिंगऐवजी मशीन केलेला पार्ट घरपोच यायला लागला म्हणा.

“तुमच्या सिस्टीमवाल्यांकडे रीतसर अर्ज का नाही केलास?” मेहुण्यानं विचारलं.

“केला. तिकीट टाकून सात आठवडे झाले. ‘अंडर रिव्ह्यू’. मामा, तुमच्याचसारखा एक माणूस आहे तिथे. भेटला की हसतो, चहा पाजतो आणि काही करत नाही.”

“शहाणा आहे.”

“शहाणा? त्या सात आठवड्यांत आमच्या मजल्यावरच्या तिघांनी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं उतरवून घेतलं. कंपनीचा डेटा आता त्या लॅपटॉपवर आहे. हा तुमच्या शहाणपणाचा फायदा!”

मेहुण्यानं चमचा खाली ठेवला. त्याचा आवाज चढत नाही, उलट उतरतो. इन्कमिंग इन्स्पेक्शनमध्ये बसलेल्या माणसांची ती सवय असते. तो आधी तिथेच होता.

“एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे स्टीलचा बार आला तर त्यावर हीट नंबर असतो. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट असतं. उद्या एखादा पिन कर्नाटकात कुठल्या घाटात तुटला, तर तो कुठल्या भट्टीच्या कुठल्या दिवसाच्या मालाचा, हे मला चाकणला बसून सांगता येतं. आता तुझं भांडार. तिथे माल ठेवायला काय लागतं? ईमेल आयडी. कोणी तपासतं? नाही. २०१८ च्या डिसेंबरात एकानं जेलीफिश नावाच्या चांगल्या पॅकेजची नक्कल करून ठेवली. नावात इंग्रजी छोट्या एलच्या जागी मोठा आय. स्क्रीनवर फरक दिसत नाही. घेणाऱ्याच्या मशीनमधल्या गुप्त किल्ल्या ते चोरत होतं. वर्षभर! वर्षभरानं कोणाच्यातरी लक्षात आलं.”

“मी नक्कल नाही घेतली, मामा.”

“घेतली नाहीस, बरोबर. पण वर्षभरात ज्यांनी घेतली तेही हेच म्हणाले असते. आणि अ‍ॅलेक्स बिर्सन नावाच्या पोरानं काय केलं, जे २०२१ मध्ये उघड झालं? त्याला मोठमोठ्या कंपन्यांच्या आतल्या मॉड्यूलांची नावं सापडली, कुठल्या कोडमध्ये चुकून राहिलेली. त्यानं त्याच नावाची पॅकेजं बाहेरच्या भांडारात ठेवली, फक्त व्हर्जनचा आकडा भलामोठा. कंपन्यांची मशीनं आतही बघत होती, बाहेरही, आणि जिथे मोठा नंबर तिथून घेत होती. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल, टेस्ला... पस्तीसच्या वर कंपन्यांत त्याचा माल बिनबोभाट आत गेला. बरं, तो सज्जन होता. त्यानं कळवलं आणि बक्षीस घेतलं.”

“म्हणजे आपल्या स्टोअरकीपरनं,” मी विचारलं, “रॅकवर माल असताना लक्ष्मी रोडवरून आणला, का तर तिथल्या डब्यावर मोठा नंबर लिहिला होता?”

“दाजी, बरोब्बर.”

लेक हसली नाही. “हे मला मान्य आहे,” ती म्हणाली. “पण त्यात चूक कोणाची? दुकानाची की स्टोअरची? तुमच्यासारख्याच सिस्टीमवाल्यांनी पिपला सांगितलं होतं, ‘आतही बघ, जादा म्हणून बाहेरही बघ’. एकच दार ठेवलं असतं तर हे झालं नसतं. आणि तुम्ही मला फक्त फुकट मालाच्या गोष्टी सांगताय. विकतच्या सांगा ना. रीतसर पीओ काढून, एनडीए सही करून घेतलेल्या मालाच्या.”

“कुठल्या?”

“जेएनपीटीची सांगा.”

मेहुणा गप्प बसला, म्हणून ती मीच इथे सांगतो, कारण चाकणच्या कुठल्याही माणसाला ती लागू आहे. इथला निर्यातीचा माल कंटेनरात बसून घाट उतरतो आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात जातो. २०१७ च्या जूनच्या अखेरीला तिथलं एक टर्मिनल, मर्स्क समूहाच्या हातातलं, एकाएकी बंद पडलं. कॉम्प्युटर आंधळे झाले. कुठला कंटेनर कोणाचा हे हातानं लिहायची वेळ आली. नॉटपेट्या नावाचा तो हल्ला. तो शिरला कुठून? युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एमईडॉक नावाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचीच अपडेट पाठवायची वाट ताब्यात घेतली होती. कोणा पोरानं पेनड्राइव्हवरून काही आणलं नव्हतं. अधिकृत विक्रेत्याकडून, अधिकृत वाटेनं, अधिकृत अपडेट आलं, आणि त्यातून पसरत पसरत उरणच्या किनाऱ्याला लागलं. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी नव्यानं उभे करावे लागले, दहा दिवसांत. तोटा वीस ते तीस कोटी डॉलर, असं कंपनीनंच सांगितलं.

“आणि परवाचं क्राउडस्ट्राइक?” लेकीनं धागा सोडला नाही. “१९ जुलै २०२४. सुरक्षेचं सॉफ्टवेअर! एक बिघडलेली फाइल सगळीकडे एकदम गेली आणि पंच्याऐंशी लाख विंडोज मशीनं निळी पडली. विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून देत होते. तिथे टेस्ट सर्टिफिकेट नव्हतं का?”

“होतं,” मेहुणा म्हणाला. “फर्स्ट-ऑफ, म्हणजे पहिल्या नगाची तपासणी, नीट झाली नव्हती. आणि लॉट सगळा एकदम लाइनवर सोडला. आमच्याकडे असं कोणी केलं तर शिफ्ट संपायच्या आत त्याला घरी पाठवतील.”

मला वाटलं आता बरोबरी झाली. पण मेहुण्याच्या मनात दुसरंच काही होतं.

“तू हे सगळं खरं बोलतेस,” तो म्हणाला, “पण मला भीती हल्ल्याची नाही. म्हणजे आहे, पण पहिली भीती ती नाही.”

“मग?”

“तू उद्या नोकरी सोडशील ही.”

आणि मग त्यानं एक गोष्ट सांगितली जी मी बावीस वर्षांत ऐकली नव्हती.

२००२ च्या सुमाराला तो भोसरीत एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये होता. सिस्टीम डिपार्टमेंट असं काही नव्हतं. एक पीसी आणि तो. मोठ्या ग्राहकाचं डिलिव्हरी शेड्यूल दर सोमवारी मजकुराच्या एका लांबलचक फायलीत यायचं, ते पार्टनिहाय फोडून डिस्पॅचचा तक्ता करायला त्याचे दोन दिवस जायचे. मग त्यानं रात्री बसून पर्ल नावाची भाषा शिकून घेतली.

“पर्लचं भांडार पायथॉनच्याही आधीचं,” तो लेकीला म्हणाला. “सीपॅन. १९९५ चं. तुमच्या पायपीआयनं डोळ्यासमोर तेच ठेवलं होतं. पण तो सगळा कारभार युनिक्सवाल्यांचा. प्रत्येकाच्या मशीनवर कम्पायलर आहे असं धरून चाललेला. आमच्याकडे विंडोज. मग अ‍ॅक्टिव्हस्टेट नावाची कॅनडातली कंपनी होती, ती विंडोजसाठी पर्ल फुकट द्यायची, आणि त्याबरोबर तयार कम्पाइल केलेली मॉड्यूल आणायला पीपीएम.”

“पीपीएम?” मी विचारलं. “दहा लाखांत किती रिजेक्शन ते?”

“नाही हो दाजी. पर्ल पॅकेज मॅनेजर. पण मला पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं होतं, यात आपलं रिजेक्शन मोजतात म्हणून.”

एक्सेलची फाइल लिहिणारं मॉड्यूल त्याला हवं होतं. वर्कशॉपमध्ये इंटरनेट नव्हतं. चिंचवड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून त्यानं ते उतरवलं आणि फ्लॉप्यांवर घालून आणलं.

“कोणाची परवानगी घेतलीत?” लेकीनं विचारलं. तिचे डोळे चमकायला लागले होते.

“कोणाची घेणार? मीच होतो.”

“गेटवर फ्लॉप्या दाखवल्यात?”

“डब्यात होत्या. भाकरीखाली.”

बायको बाहेर येऊन दारात उभी राहिली होती. भावाची ही बाजू तिलाही ठाऊक नसावी.

तो प्रोग्राम नऊ वर्षं चालला. दोन दिवसांचं काम चार मिनिटांत. मेहुणा तोपर्यंत तिथून निघून चाकणला लागला होता. २०११ मध्ये त्या जुन्या पीसीची हार्ड डिस्क बसली. प्रोग्रामची फाइल कोणीतरी सीडीवर ठेवली होती, ती सापडली. पण मॉड्यूलचं कुठलं व्हर्जन होतं, पर्लचं कुठलं होतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फ्लॉप्या कधीच गेल्या होत्या. त्यांनी नवं पर्ल, नवं मॉड्यूल घातलं. प्रोग्राम चालला. चूक दाखवून थांबला असता तर बरं झालं असतं. तो चालला, आणि तारखांत दिवस-महिना उलटे झाले. बारा तारखेच्या आतल्या सगळ्या डिलिव्हऱ्या चुकल्या. डेबिट नोट आली. जुन्या मालकांनी मेहुण्याला फोन केला आणि तो तीन रात्री चाकणहून भोसरीला जाऊन बसला, कारण जगात तो एकच माणूस होता ज्याला ते काय आहे हे माहीत होतं. त्यालाही धड आठवत नव्हतं.

“म्हणून मी विचारतो,” तो म्हणाला. “हे सोळा जण कोण, कुठल्या व्हर्जनचे, कोणी आणले, कधी आणले. चोर म्हणून नाही विचारत.”

लेक थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मामा, हे लिहून ठेवायची सोय आता आहे. लॉक फाइल म्हणतात. प्रत्येक पॅकेजचं नाव, नेमकं व्हर्जन आणि त्याचा हॅश. हॅश म्हणजे फायलीचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. पिपला सांगायचं की ठसा जुळला तरच घे. तुमच्या हीट नंबरपेक्षा कडक आहे हे. हीट नंबर खोटा पंच करता येतो.”

“ते मला माहीत आहे. तुझ्या पेनड्राइव्हवर ती फाइल आहे?”

“...नाही.”

इथे माझं मत सांगतो, लेख माझा आहे म्हणून. आमच्या टूलरूमचं स्टोअर संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. कार्बाइड इन्सर्ट मिळवायचा नियम चोख होता: झिजलेला दाखवा, नवा घ्या. चोख आणि दिवसाचा. तिसऱ्या शिफ्टला इन्सर्ट तुटला तर सकाळपर्यंत मशीन उभं. परिणाम काय झाला? एकदा मॅनेजमेंटनं सगळ्यांचे लॉकर उघडायला लावले. मोज्यांत, डब्यांत, एकाच्या हेल्मेटच्या अस्तरात इन्सर्ट. वर्षभर पुरतील इतके. चोरी एकाचीही नव्हती, रात्री काम अडू नये एवढाच हेतू. पण कुठला ग्रेड कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि स्टोअरच्या वहीत मात्र सगळं जुळत होतं. पुढे त्यांनी रात्री एक माणूस खिडकीवर बसवला. लॉकर आपोआप रिकामे झाले.

मेहुण्याचा नियम बरोबर आहे. माल स्टोअरमधूनच आला पाहिजे. पण मग स्टोअरची खिडकी उघडी पाहिजे, आणि सात आठवडे ‘अंडर रिव्ह्यू’ म्हणजे ती बंद आहे. हे मी त्याला सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

“खिडकी उघडायला माणूस लागतो, दाजी,” तो म्हणाला. “माझ्याकडे चौघं आहेत. चौघांत प्रिंटरही बघायचे. आतलं भांडार उभं करणं अवघड नाही, सर्व्हर आहे, नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखी सॉफ्टवेअरं आहेत, बाहेरून एकदा आणायचं, तपासायचं, ठेवायचं, पिपला सांगायचं की हेच एक दार. नवा माल आला की आठवडाभर क्वारंटाइनच्या रॅकवर. विषारी पॅकेज बहुतेक वेळा काही दिवसांतच कोणीतरी उघडं पाडतं, तेवढं थांबलं की अर्धी कटकट गेली. पण ते रोज बघायचं कोणी?”

“आणि डिसेंबर २०२१ सारखं झालं तर?” लेक म्हणाली. “लॉगफोरजे नावाच्या पॅकेजमध्ये भोक सापडलं. तेव्हा दुरुस्त माल घ्यायला आठवडाभर थांबणारा बुडाला असता. जुना माल म्हणजे सुरक्षित माल नव्हे, मामा. तुमच्या रॅकवर ठेवल्या ठेवल्या तो सडतो. स्टीलचा बार तसा सडत नाही. तिथे तुमची उपमा संपते.”

हा मुद्दा मला पूर्वी सुचला नव्हता. मेहुण्यालाही नसावा, कारण तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मग बोलणं जरा इकडेतिकडे गेलं. लायसन्सवर आलं. पायथॉन फुकट, पण त्याचा तयार संच देणारी अ‍ॅनाकोंडा २०२० पासून दोनशेहून जास्त माणसांच्या कंपन्यांकडे पैसे मागते. “आमच्याकडे सोळाशे माणसं,” मेहुणा म्हणाला, “पायथॉन लिहिणारे चार. पण मोजताना लाइनवर नट आवळणाराही मोजतात.” मग जर्मन ग्राहकांवर आलं. त्यांना टिसॅक्सचं मूल्यांकन लागतं. त्यात तुमच्या माहितीची दारं-खिडक्या तपासतात. आपल्या सरकारच्या सर्ट-इननंही २०२४ च्या ऑक्टोबरात सॉफ्टवेअरच्या बिल ऑफ मटेरियलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे गाडीच्या पार्टला जसा बॉम असतो, तसा प्रोग्रामला: आत कोण कोण आहे, कुठल्या व्हर्जनचा. हे ऐकून मला बरं वाटलं. आयुष्यभर बॉमवर सह्या केल्या, निदान शब्द तरी वाया गेला नाही.

लेकीनं शेवटचा पत्ता काढला तो एक्सझेडचा.

“२०२४ चा मार्च. एक्सझेड नावाचं, फायली दाबून छोट्या करणारं साधं पॅकेज. लिनक्सवर सगळीकडे. सांभाळणारा एकटा, दमलेला माणूस. त्याला मदत करायला म्हणून एक जण आला, दोनेक वर्षं गोड बोलून कामं केली, विश्वास मिळवला, आणि मग मागचं दार ठेवलं. आणि गंमत ऐका. सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये ते पूर्ण नव्हतंच. ते चालू करणारी कळ फक्त वाटपासाठी बांधलेल्या पेटीत होती. ड्रॉइंग साफ, पेटीत घोळ.”

“मग माझंच म्हणणं झालं,” मेहुणा म्हणाला. “पेटी तपासा.”

“पण पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रामरनं. त्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! त्याला कुतूहल वाटलं आणि आत हात घालायची मोकळीक होती म्हणून त्यानं पेटी उघडली. तुमच्या कंपनीत अर्ध्या सेकंदासाठी कोणी तिकीट टाकलं असतं, तर तुम्ही काय लिहिलं असतं?”

“‘रीस्टार्ट करा’,” मेहुण्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

चाकणचा संग्रामदुर्ग मला तेव्हा आठवला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यानं शायिस्तेखानाच्या फौजेसमोर तो दीड महिन्याहून जास्त लढवला, आणि दारावर कोणी हरला नाही. सुरुंग बुरुजाखालून आला. पण मी ते बोललो नाही. आमच्या घरात इतिहास निघाला की खिचडी गार होते.

बायकोनं दुसऱ्यांदा वाढलं. मेहुण्यानं ताट पुन्हा पुढे ओढलं, एका हातानं खाऊ लागला आणि दुसऱ्या हातानं पेनड्राइव्ह लेकीकडे सरकवला.

“लॅपटॉप आण. लाव.”

“मामा, तुमची कंपनी नाही ही.”

“माहीत आहे. मेट्रोलॉजीतलं ते यूएसबी कोणाच्या सहीनं उघडणार आहेस?”

“शिफ्ट इन्चार्जच्या. तोंडी.”

“तोंडी.” त्यानं फक्त तो शब्द परत म्हटला. “कागद घे. सोळा ओळी पाड. चलान लिहितोय असं समज. नाव, व्हर्जन, कुठून आणलं, तारीख, ठसा. खाली तुझी सही. दोन प्रती. एक त्या हसणाऱ्या माणसाच्या टेबलावर ठेव. तिकिटाला जोडू नकोस, हातात दे.”

“तो घेणार नाही.”

“भरलेला कागद समोर आला की माणूस वाचतो. तू त्याला सात आठवडे प्रश्न दिलायस, उत्तर दिलेलं नाहीस. मलाही कोणी असं आणून दिलं तर...” वाक्य त्यानं सोडून दिलं. लेकीनं ते हेरलं, पण काही बोलली नाही.

तिनं लॅपटॉप उघडला. मेहुण्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि फायलींची नावं मोठ्यानं वाचायला लागला, पार्ट नंबर वाचतात तसा, तुकड्या-तुकड्यानं. व्हील फायलीच्या नावातच सगळं असतं हे मला तेव्हा कळलं: कुठलं पॅकेज, कितवं व्हर्जन, कुठल्या पायथॉनसाठी, कुठल्या मशीनसाठी.

“पँडाज, दोन शून्य तीन. सीपी अडतीस, म्हणजे पायथॉन ३.८. बरोबर, विंडोज ७ वर त्याच्या पुढचं चालत नाही. विन बत्तीस. ठीक. सायक्लर, एनी. एनी म्हणजे कुठेही चालतो. ठीक. पिलो, सीपी अडतीस, विन बत्तीस. ठीक. सिक्स, एनी. ठीक...”

लेक पुढे लिहीत होती. बायको खुर्ची ओढून बसली.

“किवीसॉल्व्हर. सीपी अडतीस. विन...” मेहुणा थांबला. चष्मा वर-खाली केला. “हे कुठून घेतलंस?”

“ते एक नीट उतरलं नव्हतं. साइटवरून हातानं घेतलं. का?”

“विन, एएमडी चौसष्ट. तुझा पीसी बत्तीसचा आहे.”

लेकीनं लॅपटॉप स्वतःकडे फिरवला. बघितलं. मग एक शब्द बोलली, जो तिच्या आईसमोर मी आजवर बोललेलो नाही.

“सोळात एक,” मेहुण्यानं माझ्याकडे बघून सांगितलं. “दाजी, पीपीएम काढा.”

मी मोबाइलवर काढलं. बासष्ट हजार पाचशे.